खाट मोफत होती, पुढचे सात महिने नव्हते

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, नोकरीमुळे गेली बरीच वर्षं पुण्यात. वडील ७४ वर्षांचे, खाणीवरच्या नोकरीतून निवृत्त. हृदयात एक स्टेंट, शिवाय मधुमेह. आई ६७ वर्षांच्या. प्रेशर आहे आणि गुडघे बोलतात. दोघंच गावच्या घरात. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली: "दोघांसाठी कुठला आरोग्यविमा घेऊ?" दुसरी: "आमच्या वाड्यावर बहुतेक घरांत अशीच दोन-दोन म्हातारी माणसं उरलीत. सगळ्यांनी मिळून सरकारकडे काही मागायचं म्हटलं, तर नेमकं काय मागायचं?"

मी पंचवीसेक वर्षं सरकारी इस्पितळात वैद्यकीय समाजसेविका होते. डॉक्टर लिहून देतात, नातेवाईक कागद हातात घेऊन "आता हे आणायचं कुठून?" म्हणून उभे राहतात, तेव्हा त्यांना ज्या टेबलाकडे पाठवतात त्या टेबलामागची बाई. आता निवृत्त आहे, तरी आठवड्यातल्या दोन सकाळी गावातल्या ज्येष्ठांचे अर्ज भरून देते. विम्याचं आधी सांगून टाकते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. माझ्या मते तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

वडिलांना विमा विकत घेण्याआधी ७० वर्षांवरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे दाखल होऊन घ्यायचे उपचार त्यात येतात, आणि आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. ७४ वर्षांच्या स्टेंटवाल्या माणसाला या शेवटच्या वाक्याची किंमत कुठलाही विमा एजंट सांगणार नाही. वय आधार कार्डावरून धरतात. घरात ७० वर्षांवरची दोन माणसं असली तर ५ लाख दोघांत मिळून.

पण आई ६७च्या आहेत. हे कार्ड त्यांना मिळणार नाही. पुष्कळ मुलं इथे फसतात. बाबांचं कार्ड निघालं म्हणजे घराचं काम झालं असं समजतात. आईसाठी राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. २०१६ साली सुरू झाली, गोव्यात किमान ५ वर्षं राहणाऱ्यांसाठी, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला ४ लाख. ते कार्ड वेळच्या वेळी नूतनीकरण करावं लागतं. कपाटातल्या साडीच्या घडीत ठेवलेलं, मुदत संपलेलं दीनदयाळचं कार्ड मी इतक्या वेळा पाहिलंय की अर्ज भरायला कोणी आलं की मी पहिल्यांदा तारीखच बघते.

दोन अडचणी तुम्हाला नक्की येणार. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उठत नाहीत. कुळागरात, शेतात, काजूच्या बियांत आयुष्य गेलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मग उरतो ओटीपी. आणि तो जातो पुण्याला. आधारला तुमचा नंबर जोडलेला, तुम्ही मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर, आणि इकडे बाबा खिडकीसमोर घाम पुसत उभे. यंत्र वेळ संपल्याचं सांगतं, कारकून पुढच्याला बोलावतो. तेव्हा आई-बाबांच्या आधारला त्यांच्याच हातातल्या फोनचा नंबर जोडून घ्या. मात्र सोयीसाठी म्हणून आधारवरचा पत्ता पुण्याचा करू नका. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना जानेवारी २०१८ पासून शुल्क आहे, आणि राज्याच्या बहुतेक योजना इथल्या वास्तव्यावर उभ्या आहेत. एका बाईंचा पत्ता मुलाने ठाण्याचा करून ठेवला होता. जन्म डिचोलीचा, लग्न डिचोलीत, तरी कागदावर त्या परगावच्या. तो घोळ निस्तरायला पावसाळा गेला.

आता विकतचा विमा. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची मर्यादा राहिलेली नाही. जुन्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त ३ वर्षं. २०२५च्या जानेवारीत विमा नियामकाने सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही गेला. म्हणजे वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. तरी वडिलांसाठी मी नवी पॉलिसी घेणार नाही. ज्या आजाराची भीती आहे तोच तीन वर्षं बाहेर, आणि हप्ता जबर. आईसाठी, परवडत असेल तर, घ्या. अर्जात प्रेशर आणि गुडघे दोन्ही लिहा, लपवू नका. वडिलांच्या हप्त्याचे म्हणून जे पैसे गेले असते ते दरमहा वेगळ्या खात्यात टाका. ज्येष्ठांचा विमा नसेल तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्चही आयकराच्या जुन्या पद्धतीत ५० हजारांपर्यंत वजावटीत धरता येतो, तेव्हा बिलं जपून ठेवा. हे वेगळं खातं का, ते पुढे येतंच.

झालं विम्याचं.

दहा वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, माझी आई पडली. फोंडा तालुक्यातलं आमचं जुनं घर, न्हाणी मागच्या बाजूला, चिऱ्याच्या दोन पायऱ्या उतरून. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्ही दर वर्षी चतुर्थीच्या साफसफाईत ते घासायचो. त्या वर्षी चतुर्थीला अजून तीन आठवडे होते. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात एक पैसा लागला नाही. खाट मोफत, ऑपरेशन मोफत, आत घातलेला धातूही योजनेत बसला. माझ्या ओळखीचं टेबल, माझेच सहकारी, सगळं झटपट. अकराव्या दिवशी आईला घरी आणलं आणि मग मला माझं स्वतःचं काम कळलं. दिवसभर जवळ राहायला बाई हवी. रात्रीची वेगळी. खुर्चीवरचा संडास, रबरी चादर, डायपर. आठवड्यातून तीनदा घरी येणारा फिजिओथेरपिस्ट. टाके बघायला, एक्सरे काढायला, पुन्हा दाखवायला प्रत्येक वेळी टॅक्सी, कारण खुब्याचं ऑपरेशन झालेलं माणूस बसमध्ये चढत नाही. माझी रजा संपली, मग बिनपगारी. असे सात महिने. लोकांना मी इतकी वर्षं "काळजी करू नका, कार्डात बसतं" म्हणत आले होते. कार्डात खाट बसते. घर बसत नाही.

आपल्याकडची वस्तुस्थिती हीच आहे, आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. गोव्यात मोठ्या ऑपरेशनसाठी घर विकावं लागलेला म्हातारा मला क्वचित भेटला. बांबोळी आहे, म्हापशाचं जिल्हा इस्पितळ आहे, ज्याला जुनी माणसं अजून आझिलोच म्हणतात, दक्षिणेला मडगावचं आहे, डायलिसिस सरकारी केंद्रांत मोफत होतं. दुसऱ्या राज्यांतल्या माझ्या सहकाऱ्यांना याचा हेवा वाटायचा. पण रोजच्या गोळ्या, रक्ततपासणी, वाहन, सोबत, आणि पडल्यानंतरचे महिने, यांनी हळूहळू रिकामं झालेलं घर मात्र मला दर आठवड्याला भेटायचं. खर्च लहान लहान असतो म्हणून त्याला कोणी संकट म्हणत नाही. तुमच्या वडिलांसारख्यांची कमाई तर किती? २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी घरांची साठवण त्यातच संपली. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनची २०१४ साली ठरलेली किमान रक्कम महिना १,००० रुपये. ज्यांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजना लागू आहे त्यांना महिना २,००० रुपये. त्याला १५ वर्षांचं वास्तव्य आणि उत्पन्नाची अट आहे, आणि दर वर्षी हयातीचा दाखला दिला नाही तर पैसे बंद. बँकेच्या पायरीवर बायका एकमेकींना "दयानंद आलं काय गो?" विचारतात, जणू घरचाच माणूस परगावाहून यायचा आहे.

आता डबा. प्रत्येक घरात तो असतो, बहुधा जुन्या बिस्किटांचा पत्र्याचा. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा तो टेबलावर पूर्ण उलटा करा. मी भेट देते त्या घरी चहा येण्याआधी हेच करते. सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना रात्री लघवीला उठलं की चक्कर यायची, दोनदा पडले होते. मुलाने मेंदूचा स्कॅन करून आणला होता, खासगीत, रोख पैसे भरून. डबा उलटा केला. प्रेशरची टेल्मिसार्टन नावाची गोळी एका कंपनीच्या नावाने आरोग्य केंद्रातून मिळालेली, तीच दुसऱ्या नावाने खासगी डॉक्टरने लिहिलेली. ते बिचारे दोन्ही घेत होते, इमानेइतबारे, एक सकाळी, एक रात्री. वर झोपेची गोळी. वर गुडघ्यासाठी फार्मसीवाल्याने दिलेली डायक्लोफिनॅक, जी प्रेशर वाढवते आणि मूत्रपिंडाला मारते. डॉक्टरांनी सात गोळ्यांच्या चार केल्या. चक्कर थांबली. स्कॅनच्या पैशांत त्या चार गोळ्या किती वर्षं आल्या असत्या, त्याचा हिशेब मी मुलासमोर केला नाही. त्याचं तोंडच पडलं होतं.

डब्यातल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. विशेषतः स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी महाग वाटते म्हणून सोडणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातले काही पुन्हा पाहायला मिळाले नाहीत. सगळा डबा पिशवीत घालून एकाच डॉक्टरसमोर ठेवा आणि विचारा: यातलं कमी काय करता येईल? हा प्रश्न आपण विचारत नाही. डॉक्टरला काय वाटेल, असं वाटतं. चांगल्या डॉक्टरला बरं वाटतं.

मधुमेहाचं एक खास आपल्याकडचं. राष्ट्रीय पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त, २६.४ टक्के, निघालं. २०२३ मध्ये ते आकडे आले. म्हणजे तुमच्या बाबांसारखे प्रत्येक घरात. आणि प्रत्येक घरात एकादशी, चतुर्थी, सोमवार. साखरेची गोळी सकाळी नेहमीप्रमाणे घ्यायची आणि पोटात फक्त चहा, असं झालं की दुपारपर्यंत साखर इतकी उतरते की माणूस बरळतो, घाम फुटतो, पडतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्यांत हा धोका जास्त. उपास सोडा म्हणून सांगितलं तर कोणी ऐकत नाही, मीही सांगत नाही. उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही ते डॉक्टरकडून लिहून घ्या आणि कालनिर्णयावर त्या तारखांना पेनाने खूण करा. पंचाहत्तरीच्या माणसाची तीन महिन्यांची सरासरी साखर चाळिशीतल्या माणसाइतकी कडक ठेवायची गरज सहसा नसते, तेही विचारा. कमी गोळ्या, कमी पडझड, कमी खर्च.

प्रेशर, मधुमेह, कोलेस्ट्रॉलच्या साध्या गोळ्या आणि इन्सुलिन सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत मिळतं. मग लोक विकत का घेतात? कारण रांग, कारण कधी साठा संपलेला, कारण तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या की एकतिसाव्या दिवशी पुन्हा जायचं. आणि खरं सांगायचं तर फुकटची गोळी हलकी असते, असा समज. तसं नाही. जे केंद्रात मिळत नाही ते जनऔषधी केंद्रात बघा, तिथे बऱ्याच गोळ्या ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टरला औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा.

छातीत दुखायला लागलं तर मात्र रांगेचा, टॅक्सीचा, "आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारू"चा वेळ नाही. १०८. किंवा जवळचं सरकारी सामाजिक आरोग्य केंद्र. तिथे काढलेला ईसीजी बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवतात, आणि झटका असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच, मोफत देतात. तुमच्या बाबांना हे पाठ असायला हवं, तुम्हाला नव्हे. तुम्ही पुण्यात.

इस्पितळात दाखल झाल्यावर कार्ड असूनही वरचे पैसे मागितले, तर आधी काउंटरवरच्या आरोग्य मित्राला विचारा, लेखी मागा, आणि आयुष्मानच्या १४५५५ या क्रमांकावर तक्रार करा. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने एका खासगी इस्पितळात "साहित्याचे" म्हणून बरीच मोठी रक्कम भरली होती. पावती मागितल्यावर निम्मी परत मिळाली. पावती मागेपर्यंत ती कोणाच्या आठवणीतही नव्हती.

आता गावाने काय मागायचं ते.

आधी मोजा. शाळेची दोनशे पानी वही घ्या आणि एका माणसाला एक पान द्या. वय, कार्ड आहे की नाही, रोजच्या गोळ्या किती आणि त्या कुठून येतात, गेल्या वर्षात पडले का, इस्पितळात कसे जातात, दिसतं का, ऐकू येतं का, घरात रात्री कोण असतं. एका गावात आम्ही हे केलं, कॉलेजातल्या मुलींना हाताशी धरून. आमची समजूत होती की लोक मोठं इस्पितळ मागतील. निम्म्याहून जास्त पानांवर एकच गोष्ट निघाली: बांबोळीला जायला डिचोलीहून पणजी, पणजीहून पुन्हा बस, आणि ओपीडीचा नंबर लागायला पहाटेच घर सोडायचं. एवढ्यासाठी माणसं फेरतपासणीलाच जात नव्हती. आठवड्यातून एक दिवस ठरावीक गाडी, एवढीच मागणी. ती मान्य व्हायला वर्ष लागलं, पण ती मान्य झाली, कारण अर्जासोबत वही होती.

दुसरी मागणी: स्थिर झालेल्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. यात सरकारचा एक रुपया जास्त खर्च होत नाही. तीच गोळी, फक्त हेलपाटे दोनने कमी. तिसरी: फिजिओथेरपिस्टचा गावाजवळ ठरलेला वार. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात प्राथमिक केंद्रात ज्येष्ठांसाठी आठवड्याचा दिवस आणि जिल्हा इस्पितळात त्यांच्यासाठी खाटा धरलेल्या आहेत. कागदावर असलेली गोष्ट मागणं नव्या मागणीपेक्षा नेहमी सोपं. अंथरुणाला खिळलेल्यांकडे महिन्यातून एकदा परिचारिकेने घरी येणं, ही चौथी, आणि मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाची. माझ्या आईच्या सात महिन्यांत अशी एक परिचारिका आली असती तर तिची पाठ सोलवटली नसती.

मागायचं कुठे? रविवारच्या ग्रामसभेत. ठराव लिहून न्या, तोंडी बोलाल तर इतिवृत्तात "ज्येष्ठांच्या समस्यांवर चर्चा झाली" एवढंच उतरतं. अर्जात आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७च्या कायद्याचं कलम २० लिहा. सरकारी इस्पितळात ज्येष्ठांना खाटा, वेगळी रांग, दीर्घ आजारांवर उपचाराची सोय, हे त्यात स्पष्ट आहे. केंद्रात कुठली औषधं किती दिवस नव्हती ते माहितीच्या अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडायला जाऊ नका. आरोग्य केंद्रातला डॉक्टर बहुतेक वेळा तुमच्याच बाजूचा असतो, त्यालाही वर पाठवायला कागद हवा असतो. आणि असल्या अर्जांनी काही होत नाही म्हणणाऱ्याला स्टेंटची गोष्ट सांगा. एका वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यातून फिरत फिरत फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यावरही. उलट केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला ७९ वर्षांपर्यंतच्या माणसाचा वाटा २००७ साली महिना २०० रुपये होता आणि तो २००च राहिला. तिथे वही घेऊन कोणी पुरेसं उभं राहिलेलं नाही. आमदाराला हेही विचारता येतं. २०११च्या जनगणनेत ६० वर्षांवरच्यांचं प्रमाण केरळखालोखाल गोव्यात, ११.२ टक्के होतं. मतं मोजणाऱ्याला हा आकडा समजतो.

चष्मा, कानयंत्र, कवळी, काठी यासाठी गरीब ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. शिबिर कधी आहे ते समाजकल्याण खात्यात विचारत राहावं लागतं. कुठे विचारावं तेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८.

घराच्या कागदांबद्दल तुम्ही विचारलं नाही, मी तरी सांगणार. म्हातारपणाच्या उपचाराची शेवटची हमी डोक्यावरचं छप्पर आहे, आणि ते कुठल्या तरी घाईच्या दिवशी मुलांच्या नावे होतं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी आईची. तिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. ही आपल्या जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्याची देणगी आहे, तिची आईला जाणीव असू द्या. बक्षीसपत्र करायचंच असेल तर हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क आई-बाबांकडे राखून करा, आणि सांभाळ करण्याची अट त्या कागदातच लिहा. २००७च्या कायद्याच्या कलम २३ने सांभाळ न करणाऱ्याचं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण अट लिहिलेली नसेल तर भांडण लांबतं. दरमहा निर्वाहाची रक्कम त्याच कायद्याच्या न्यायाधिकरणाकडे मागता येते, जास्तीत जास्त १०,००० रुपये. तुमच्यासारखा मुलगा असताना हे कशाला, असं आई म्हणेल. तिला सांगा, कागद चांगल्या मुलानेच करून द्यायचा असतो.

आणि शेवटच्या दिवसांचं. आपल्याकडे हा विषय काढला की "शुभ बोल रे नाऱ्या" होतं. पण व्हेंटिलेटरवरच्या वडिलांबद्दल पुण्याच्या आणि दुबईच्या मुलांनी फोनवर भांडताना मी ऐकलंय, आणि वडिलांना काय हवं होतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. उपचारांबाबतचं इच्छापत्र आता सोपं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं, जानेवारी २०२३ मध्ये सुटसुटीत केलं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, गोव्यातलं पहिलं. न्यायाधीशाला अशुभ वाटलं नाही.

आईच्या गुडघ्यांबद्दल. ऑपरेशन करावं की नाही हे तुम्ही मला विचारण्याआधी तिला विचारा, तिला गुडघे कशासाठी हवेत. माझ्याकडे आलेल्या एका आजींना चालणं हवं होतं ते नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला स्वतःच्या पायांनी जाऊन यायला, वर्षातून एकदा. सांधा बदलायला त्या तयार नव्हत्या. सहा महिने मांडीचे व्यायाम, पाच किलो वजन कमी, रबरी बूड असलेली काठी, आणि नात सोबत. गेल्या. वाटेत तीनदा बसल्या म्हणे, आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी ओळखीचं भेटलं, त्यामुळे पोचायला दुपार झाली.

चतुर्थीला याल तेव्हा चार कामं करा. आधारचा नंबर. डबा. खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा दिवा आणि भिंतीला घट्ट दांडा, तोही आईच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर, गवंड्याच्या नव्हे. आणि चिऱ्याच्या पायऱ्या असतील तर त्या चतुर्थीची वाट न बघता आषाढातच कोणाकडून तरी घासून घ्या. वही सुरू केलीत तर पहिली दहा पानं मला दाखवा, ठरावाचा मसुदा मी करून देते.